हिमकणांचा छायाचित्रकार : विल्सन बेंटली

हिमकणाचे आयुष्य क्षणभराचे असते. ढगातून खाली येताना त्याला लाभलेली सहा पाकळ्यांची नक्षी तळहातावर टेकताच विरघळते आणि नेमकी तशी नक्षी पुन्हा दृष्टीस पडण्याची शक्यता जवळजवळ नसते. हा नाहीसा होणारा आकार काचेवर कायमचा उतरवून ठेवण्यासाठी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील एका शेतकऱ्याने आपल्या आयुष्यातील सुमारे ४६ वर्षे वेचली. विल्सन अल्विन बेंटली हे त्यांचे नाव.

महाविद्यालयाची पायरी न चढलेले, गुरे राखून उपजीविका करणारे आणि आयुष्यभर एकाच खेड्यात राहिलेले बेंटली आज सूक्ष्मदर्शकाद्वारे छायाचित्रण करणाऱ्या आद्य साधकांपैकी एक मानले जातात. हिमस्फटिकांची ५ हजारांहून अधिक छायाचित्रे त्यांनी टिपली. कोणतेही दोन हिमकण सारखे नसतात, ही जगभर रूढ झालेली समजूत मुख्यतः त्यांच्याच छायाचित्रांमुळे लोकांच्या मनात रुजली. मात्र या छायाचित्रांमध्ये सौंदर्य किती आणि सत्य किती, असा प्रश्न त्यांच्या हयातीतच उपस्थित झाला होता. त्याचे उत्तर मिळण्यास त्यांच्या मृत्यूनंतरची काही वर्षे जावी लागली.

आईने दिलेला सूक्ष्मदर्शक

बेंटली यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ रोजी जेरिको या गावी झाला. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या व्हरमाँट राज्यातील सर्वांत उंच शिखर, माउंट मॅन्सफील्ड, या गावापासून जवळच आहे. या परिसरात एका हिवाळ्यात सरासरी १२० इंच, म्हणजे सुमारे दहा फूट बर्फ पडतो. वडील थॉमस एडविन बेंटली शेती आणि दुधाचा व्यवसाय करीत. आई फॅनी लग्नापूर्वी शाळेत शिकवीत असत. थोरला भाऊ चार्ल्स शेतीच्या कामात रमला. धाकट्या विल्सनचे शिक्षण मात्र वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत घरीच, आईच्या हाताखाली झाले. आईच्या संग्रहातील ज्ञानकोशाचे खंड हेच त्याचे क्रमिक पुस्तक होते.

विल्सन पंधरा वर्षांचा झाला तेव्हा आईने त्याला एक जुना सूक्ष्मदर्शक भेट दिला. अध्यापनाच्या काळात त्या तो वापरीत असत. पाण्याचा थेंब, दगडाची कपची, पक्ष्याचे पीस, फुलाची पाकळी असे हाताला येईल ते हा मुलगा भिंगाखाली ठेवून पाहू लागला. त्या हिवाळ्यात त्याने एक हिमकण भिंगाखाली ठेवला आणि त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. उघड्या डोळ्यांना पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसणारा तो कण प्रत्यक्षात आरपार पारदर्शक होता. त्याच्या सहाही भुजांवर सारख्याच अंतरावर फांद्या फुटल्या होत्या आणि त्या फांद्यांवर आणखी बारीक कोरीव काम होते.

दिसले ते कागदावर उतरविण्याचा त्याने प्रयत्न केला. पुढील दोन-तीन हिवाळ्यांत त्याने शेकडो रेखाचित्रे काढली. परंतु एखाद्या भुजेची नक्षी पुरी होईपर्यंत उरलेला कण विरून जाई. हिमकण पाहून थक्क होणारा तो काही पहिला नव्हता. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांनी १६११ मध्ये हिमकणाला सहाच कोन का असतात, या प्रश्नावर एक छोटी पुस्तिका लिहिली होती. रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या हिमकणांची रेखाचित्रे दिली होती. या सर्वांसमोर अडचण एकच होती. हाताची गती कितीही वाढविली तरी ती हिमकणाच्या आयुष्याशी स्पर्धा करू शकत नव्हती.

दहा गाईंच्या किमतीचा कॅमेरा

सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून छायाचित्र घेता येते, हे विल्सनच्या वाचनात आले. ही विद्या त्या काळी नवी असली तरी अज्ञात नव्हती. जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यांनी १८७७ मध्येच जिवाणूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. पण प्रयोगशाळेतील नमुना काचपट्टीवर वाळवून, रंगवून हवा तितका वेळ ठेवता येतो. हिमकणाला यांपैकी काहीच चालत नाही. त्याला ऊब सोसत नाही, स्पर्श सोसत नाही आणि गोठलेल्या हवेतही तो न वितळता हळूहळू वाफ होऊन झिजत जातो. सुदैवाने त्याच सुमारास छायाचित्रणासाठी कोरड्या काचा बाजारात तयार मिळू लागल्या होत्या. ऐनवेळी रसायन फासून ओली काच वापरण्याची जुनी पद्धत थंडीने गोठलेल्या खोलीत चालविणे फार कठीण गेले असते.

या साहित्याची किंमत सुमारे १०० डॉलर होती. एका लहानशा शेतकरी कुटुंबासाठी ही रक्कम मोठी होती. गोठ्यातील दहा गाईंच्या किमतीशी तिची तुलना केली जाते. हिमकणांच्या मागे लागणे हा वडिलांच्या लेखी निव्वळ वेळेचा अपव्यय होता. आईने मुलाची बाजू घेतली. विल्सन सतरा वर्षांचा असताना भात्याचा कॅमेरा आणि त्याला जोडता येईल असा सूक्ष्मदर्शक घरात आला.

यश मात्र लगेच आले नाही. पहिला हिवाळा संपला, दुसराही अपयशात गेला. चित्रे उमटत होती ती धूसर आणि कडा हरवलेली. अखेर दोष त्याच्या ध्यानात आला. भिंगातून आत येणारा प्रकाश रोखून अगदी बारीक छिद्रातून घेतला, तर कडा रेखीव उमटत होत्या. मात्र त्यासाठी काचेवर प्रकाश अधिक काळ पडू द्यावा लागे. दुसरी अडचण अंगमेहनतीची होती. प्रतिमा मोठी मिळावी म्हणून कॅमेऱ्याचा भाता लांब ताणला, की मागे उभे राहून पाहणाऱ्याचा हात पुढच्या सूक्ष्मदर्शकाच्या चाकापर्यंत पोहोचत नसे. त्यावर त्याने दोरी आणि चाके जोडून मागूनच प्रतिमा स्पष्ट करण्याची सोय घडविली. १५ जानेवारी १८८५ रोजी, विसावे वर्ष पूर्ण होण्यास काही आठवडे उरले असताना, त्याला हिमस्फटिकाचे पहिले स्वच्छ छायाचित्र मिळाले.

श्वास रोखून केलेले काम

त्या दिवसापासून अखेरपर्यंत बेंटली यांची कार्यपद्धती फारशी बदलली नाही. घराच्या मागील बाजूस असलेली, शेगडी नसलेली एक खोली हीच त्यांची प्रयोगशाळा होती. बर्फ पडू लागला की ते काळा रंग दिलेली फळी हातात धरून दाराशी उभे राहत. फळीवर पडलेले कण भिंगाने न्याहाळून त्यांतील मोडलेले, चिकटलेले, गुंतलेले कण पिसाने झटकून टाकीत. निवडलेला कण काडीच्या टोकाने अलगद उचलून थंड काचपट्टीवर ठेवीत आणि पिसाच्या हलक्या स्पर्शाने तो काचेला समतल बसवीत. हे सर्व करताना श्वास रोखून धरावा लागे. कारण नाकातून आलेल्या उबदार हवेची एक झुळूकही कण नष्ट करण्यास पुरेशी होती.

त्यानंतर सूक्ष्मदर्शकासह कॅमेऱ्याचे तोंड खिडकीकडे वळविले जाई. दिवा लावण्याची सोय नव्हती, कारण दिव्याची ऊब नको होती. ढगाळ आकाशाचा मंद उजेड कणातून आरपार जाऊन काचेवर पडे. प्रकाश देण्याचा हा अवधी दहा सेकंदांपासून शंभर सेकंदांपर्यंत असे. फळीवर कण पडल्यापासून चित्र मिळेपर्यंतच्या काही मिनिटांत सारे उरकावे लागे.

एका अडचणीवर त्यांनी काढलेला मार्ग पुढे वादाचा विषय ठरला. पारदर्शक हिमकण उजळ पार्श्वभूमीवर फिका दिसतो. त्याची नक्षी डोळ्यांत भरत नाही. म्हणून ते मूळ काचेची दुसरी प्रत तयार करीत आणि त्या प्रतीवर कणाच्या बाह्यरेषेभोवतीचा रासायनिक थर टोकदार चाकूने खरवडून काढीत. अशा काचेवरून घेतलेल्या छायाचित्रात पार्श्वभूमी काळीभोर येई आणि तिच्यावर शुभ्र हिमकण उठून दिसे. एकेका काचेवर या कामासाठी तासन्‌तास जात. मूळ काच मात्र ते जशीच्या तशी जपून ठेवीत.

हिवाळा कसा जाईल हे त्यांच्या हाती नव्हते. एखाद्या वर्षी जेमतेम काही डझन चांगले कण मिळत. १९२८ च्या फेब्रुवारीत मध्यावर आलेल्या एकाच हिमवादळाने मात्र त्यांना शंभरावर छायाचित्रे दिली.

मैद्याच्या परातीत पाऊस

तेरा वर्षे हे काम जवळजवळ कोणाच्या नजरेत न येता चालले. १८९८ मध्ये व्हरमाँट विद्यापीठातील निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक जॉर्ज हेन्री पर्किन्स यांच्या साहाय्याने बेंटली यांचा पहिला लेख ‘पॉप्युलर सायन्स मंथली’ या मासिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर ते स्वतः लिहू लागले. अमेरिकेच्या हवामान विभागाच्या ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या नियतकालिकाने त्यांचे दीर्घ लेख छायाचित्रांसह छापले. १९०३ मध्ये त्यांनी आपली ५०० छायाचित्रे वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे पाठविली.

ते केवळ छायाचित्रे गोळा करीत नव्हते. प्रत्येक हिमवादळाची तारीख, तापमान, वारा, ढगांचा प्रकार यांची ते नोंद ठेवीत. वादळाच्या कोणत्या भागातून कोणत्या घडणीचे कण पडतात, याचा ताळा ते मांडत. कणाच्या मध्यापासून टोकापर्यंत बदलत जाणारी नक्षी म्हणजे ढगातून खाली येताना त्या कणाने कोणकोणत्या थरांतून प्रवास केला याचा लेखाजोखा आहे, हे त्यांनी ओळखले होते.

उन्हाळ्यात बर्फ नसे तेव्हा त्यांनी पावसाकडे लक्ष वळविले. पडत्या थेंबाचा आकार मोजायचा कसा, या प्रश्नावर त्यांनी काढलेली युक्ती कोणत्याही स्वयंपाकघरात करून पाहता येईल इतकी साधी होती. पसरट भांड्यात सुमारे एक इंच जाडीचा बारीक पिठाचा थर देऊन ते भांडे काही क्षण पावसात धरायचे. पडलेल्या प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी तयार होते. ती वाळल्यावर मोजायची. गोळीचा आकार आणि थेंबाचा आकार यांचे नाते पक्के करण्यासाठी त्यांनी ठाऊक असलेल्या आकाराचे थेंब उंचावरून पिठात सोडून पाहिले. अशा ३४४ नमुन्यांवर आधारलेला त्यांचा लेख १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत मोठे थेंब सुमारे पाव इंच व्यासाचे असतात, असे त्यात नमूद होते. काही पाऊस वितळलेल्या हिमकणांपासून होतो, तर काही हिमकणांविनाच तयार होतो, असा विचारही त्यांनी मांडला. या कामाची दखल त्यावेळी फारशी कोणी घेतली नाही. ढगात पाऊस कसा तयार होतो याचा पद्धतशीर अभ्यास काही दशकांनंतर सुरू झाला, तेव्हा एका शेतकऱ्याने ही वाट आधीच चोखाळली होती, हे संशोधकांच्या लक्षात आले.

सत्याचा की सौंदर्याचा आग्रह

प्रसिद्धीबरोबर आक्षेपही आले. जर्मनीतील हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमान यांनी १८९३ मध्ये हिमस्फटिकांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यासाठी सूक्ष्म छायाचित्रे घेतली होती रिचर्ड नॉयहाउस यांनी. त्यांच्या चित्रांतील हिमकण करडे, तुटके, एका बाजूला कललेले होते. बेंटली यांच्या चित्रांतील हिमकण बहुधा निर्दोष, सहाही भुजा सारख्या असलेले होते. चाकूने खरवडताना कणाच्या मूळ कडा बदलल्या जातात आणि केवळ सुबक कण निवडल्याने वाचकाची दिशाभूल होते, असा जर्मन अभ्यासकांचा आक्षेप होता.

या आक्षेपाचे दोन भाग वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. पार्श्वभूमी काळी करण्याची पद्धत बेंटली यांनी कधी लपविली नाही आणि मूळ काचा शिल्लक असल्याने ताळा पाहणेही शक्य होते. कणाच्या अंतर्भागातील रेषा आणि हवेच्या सूक्ष्म नळ्या कोरणे चाकूला शक्यच नव्हते. त्या प्रकाशानेच उमटविलेल्या होत्या. निवडीबाबतचा आक्षेप मात्र खरा होता. आभाळातून पडणाऱ्या कणांपैकी बहुसंख्य कण वेडेवाकडे, एकमेकांना चिकटलेले किंवा ओबडधोबड असतात. बेंटली फळीवरून तेच कण झटकून टाकीत आणि सर्वांगसुंदर कणाची वाट पाहत. त्यांच्या संग्रहात जे आहे ते खरे आहे. पण हिवाळ्यात जे पडले ते सर्व त्यात नाही. हिमवर्षावाची शिरगणती हा त्यांचा उद्देश नव्हता. जे सर्वोत्तम आहे ते विरून जाण्यापूर्वी जपावे, ही त्यांची धारणा होती आणि ती त्यांनी उघडपणे बाळगली.

खर्चाचा ताळेबंद

या ध्यासाचा आर्थिक हिशेब कधीच जुळला नाही. आपल्या छायाचित्रांच्या काचपट्ट्या ते शाळा-महाविद्यालयांना अवघ्या पाच सेंटना विकत. जवाहिरे, विणकाम करणारे आणि नक्षीकार त्यांच्याकडून नमुने घेत. १९२६ पर्यंत त्यांनी या कामावर सुमारे १५ हजार डॉलर खर्च केले होते आणि विक्रीतून त्यांना सुमारे ४ हजार डॉलर मिळाले होते, असे त्यांच्या चरित्रात नोंदविले आहे. उरलेला भार शेतीने आणि गाईंनी उचलला. १९२४ मध्ये अमेरिकन मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीने आपले पहिले संशोधन अनुदान त्यांना दिले. त्याची रक्कम २५ डॉलर होती.

बेंटली यांनी लग्न केले नाही. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांनी आजारी आईची सेवा केली. १९०६ मध्ये आईचेही निधन झाले. घराच्या एका भागात भावाचे कुटुंब राही, दुसऱ्या भागात ते स्वतः, त्यांचा पियानो आणि काचांच्या पेट्या. चणीने लहान, बोलण्यात मृदू असलेल्या या माणसाचे वेड गावातील अनेकांना उमगले नाही. ज्या बर्फाने रस्ते अडतात आणि गोठ्यांची छपरे वाकतात, त्याची छायाचित्रे कोणी पैसे मोजून का घ्यावीत, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. बाहेरच्या जगात मात्र त्यांचे नाव पोहोचले होते. १९२३ मध्ये ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने हिम आणि दवबिंदूंवरील त्यांचा सचित्र लेख छापला. कोळ्याच्या जाळ्यावरील दव, खिडकीच्या काचेवरील तुषार आणि गारा हेही त्यांच्या कॅमेऱ्याचे विषय होते.

ग्रंथ आणि अखेर

आयुष्यभराचे काम एका ग्रंथात यावे ही त्यांची इच्छा होती. अमेरिकेच्या हवामान विभागातील भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हम्फ्रीज यांनी मजकुराची जबाबदारी घेतली. दोघांच्या नावे ‘स्नो क्रिस्टल्स’ हा ग्रंथ नोव्हेंबर १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २,४०० हून अधिक छायाचित्रे होती. त्यावेळी बेंटली ६६ वर्षांचे होते.

ग्रंथ हाती आल्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबरमध्ये, एका हिमवादळात ते सहा मैल चालत घरी परतले. रस्ता अर्धवट वितळलेल्या बर्फाने चिखलमय झाला होता. या पायपिटीनंतर त्यांना न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबर १९३१ रोजी जेरिको येथील आपल्या राहत्या घरी त्यांचे निधन झाले.

ससाच्या केसावरील हिमकण

बेंटली यांच्या ग्रंथाची एक प्रत जपानमध्ये पोहोचली आणि तेथे त्यांच्या कामाला पुढची पिढी मिळाली. होक्काइडो विद्यापीठातील तरुण भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांना ही छायाचित्रे पाहून हिमस्फटिकांच्या अभ्यासाची प्रेरणा मिळाली. नाकाया यांनी सुबक कणांबरोबरच ओबडधोबड कणांचीही छायाचित्रे घेऊन त्यांचे वर्गीकरण केले. बेंटली यांच्या संग्रहातील उणीव अशा रीतीने भरून निघाली. १९३६ मध्ये त्यांनी अतिशीत प्रयोगशाळेत ससाच्या केसाच्या टोकावर जगातील पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढविला. हवेचे तापमान आणि आर्द्रता बदलली की स्फटिकाची घडण बदलते, हे त्यातून सिद्ध झाले. ठराविक तापमानाला सपाट तबकड्या तयार होतात, दुसऱ्या तापमानाला सुया, तर आणखी एका टप्प्यात फांद्या फुटलेल्या चांदण्या. हिमकणाच्या नक्षीत त्याच्या प्रवासाची कहाणी दडलेली असते, हा बेंटली यांचा तर्क प्रयोगाने खरा ठरला.

दोन हिमकण सारखे नसतात, या विधानाला आज काही मर्यादा घालाव्या लागतात. १९८८ मध्ये अमेरिकन संशोधक नॅन्सी नाइट यांना सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ एकसारखे दिसणारे दोन साधे हिमस्फटिक आढळले. परंतु अनेक फांद्या असलेल्या स्फटिकांमध्ये रचनेच्या शक्यता इतक्या अगणित असतात, की त्यांच्या बाबतीत बेंटली यांचे निरीक्षण व्यवहारात आजही टिकून आहे.

बेंटली यांच्या काचेच्या निगेटिव्हचा सर्वांत मोठा संग्रह न्यूयॉर्क राज्यातील बफेलो विज्ञान संग्रहालयात आहे. त्यांनी पाठविलेली छायाचित्रे स्मिथसोनियन संस्थेच्या अभिलेखागारात जतन केली आहेत. जेरिको गावातील एका जुन्या लाल गिरणीत गावकऱ्यांच्या इतिहास मंडळाने त्यांच्या स्मृतींचे दालन उभारले आहे. त्यांच्या जीवनावरील ‘स्नोफ्लेक बेंटली’ या बालपुस्तकाच्या चित्रांना १९९९ मध्ये अमेरिकेतील मानाचे कॅल्डेकॉट पदक मिळाले. आज कोणाच्याही मोबाइलला लहानसे भिंग जोडून मिठाचा कण, मुंगीचे डोके किंवा फुलाचा पराग टिपता येतो. बेंटली यांच्याकडे होते ते एक दोरी-चाकांचे यंत्र, खिडकीतून येणारा उजेड आणि थंडीत श्वास रोखून उभे राहण्याची तयारी. त्यांनी अशा रीतीने टिपलेल्या काचांपैकी पुष्कळ काचा आजही शाबूत आहेत.